मंगरूळचा देव आणि थुकरटवाडीची हवा

प्रसिद्धीसाठी आपल्या मराठीत शब्दांची वाण कधीच नव्हती. दवंडी होती, डांगोरा होता, गवगवा होता, बोभाटा होता, उदोउदो होता. अलीकडच्या काही दशकांत त्यांत 'हवा' या शब्दाची भर पडली. अमक्याची हवा आहे, तमक्याने हवा केली, असे आपण सहज बोलून जातो. या शब्दांकडे जरा निरखून पाहिले तर एक गंमत ध्यानात येते. दवंडीला धनी होता. ती कोणी पिटायला लावली हे ऐकणाऱ्यास ठाऊक असे. उदोउदो करणारेही समोर दिसत. हवेला मात्र धनी नसतो. ती कोठून आली, कोणी सोडली, तिचे पैसे कोणी मोजले, हे सांगता येत नाही; आणि सांगता येत नाही म्हणूनच ती खरी वाटते. ज्या व्यवसायाला आपण 'जनसंपर्क' असे सोज्ज्वळ नाव दिले आहे, त्याचे बरेचसे मर्म या एका शब्दात आले. या व्यवसायाची थट्टा मराठी विनोदाने कशी केली, आणि ती करता करता तो विनोद स्वतः कोठे जाऊन पोहोचला, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यासाठी दोन काल्पनिक गावे मी निवडली आहेत : 'देऊळ' या चित्रपटातील मंगरूळ आणि 'चला हवा येऊ द्या' या दूरचित्रवाणी कार्यक्रमातील थुकरटवाडी.

विलायतेत या व्यवसायावर सरळसरळ विनोदी मालिका झाल्या आहेत. बीबीसीची 'अॅब्सोल्युट पॉवर' ही त्यांतली एक. ती २००० साली नभोवाणीवर सुरू झाली आणि २००३ ते २००५ या काळात दूरचित्रवाणीवर आली. स्टीफन फ्राय आणि जॉन बर्ड हे दोन कसलेले नट तीत 'प्रेंटिस मॅकेब' नावाच्या जनसंपर्क संस्थेचे चालक झाले होते. बदनाम माणसाला प्रतिष्ठा मिळवून देणे आणि ज्याला दडवायचे आहे त्याला झाकून ठेवणे हा त्यांचा धंदा. तेथे खोटे बोलणाऱ्याला कचेरी असते, दारावर पाटी असते आणि महिन्याच्या अखेरीस तो हिशेबाचे बिल पाठवतो. आपल्याकडे तशी मालिका अद्याप झाली नाही, आणि झाली तरी ती आपल्या अनुभवाला फारशी भिडेल असे मला वाटत नाही. आपल्या तालुक्याच्या गावात हा धंदा पाटी लावून चालत नाही. तो चहाच्या टपरीवर चालतो, चौकातल्या फ्लेक्सवर चालतो, स्थानिक वार्ताहराच्या मोटारसायकलवर चालतो, आणि ज्यांच्या हातून तो घडतो त्यांनाही आपण धंदा करीत आहोत याचा पत्ता नसतो. हे ज्या कलाकृतीने अचूक टिपले ती म्हणजे उमेश कुलकर्णी यांनी दिग्दर्शित केलेला आणि गिरीश कुलकर्णी यांनी लिहिलेला 'देऊळ'.

हा चित्रपट नोव्हेंबर २०११ मध्ये प्रदर्शित झाला. त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला 'ब्यारी' या चित्रपटाबरोबर विभागून मिळाला, आणि गिरीश कुलकर्णी यांना अभिनय व संवाद या दोहोंसाठी गौरवण्यात आले. कथा अनेकांच्या परिचयाची असेल, तरी थोडक्यात सांगतो. मंगरूळ गावचा केश्या हा भोळा, गुरे राखणारा तरुण. करडी नावाची गाय हरवली म्हणून तो माळावर जातो, भर दुपारी झाडाखाली त्याचा डोळा लागतो आणि त्याला दत्तमहाराजांचे दर्शन घडते. तो धावत गावात येतो आणि ओरडून सांगत सुटतो. गावातले जाणते, व्यासंगी गृहस्थ अण्णा त्याला समजावतात की तुला जे दिसले ते तुझ्यापाशी ठेव, त्याचा बाजार मांडू नकोस. याच अण्णांच्या मनात गावासाठी एक रुग्णालय उभे करायचे आहे, आणि गावचे पुढारी भाऊ यांचाही कल आरंभी तिकडेच असतो. मग बातमी छापून येते. रिकामटेकड्या पोरांना काम मिळते. देऊळ उभे राहते, दुकाने उठतात, वाहनांच्या रांगा लागतात, आरतीला सिनेमाची चाल लागते, गावाच्या हाती पैसा खेळू लागतो. रुग्णालय मागे पडते ते पडतेच. अण्णा गाव सोडून जातात.

या कथेत सर्वांत लक्षणीय काय असेल तर ते हे, की तीत खलनायक नाही. नाना पाटेकरांनी रंगवलेले भाऊ हे कसलेले राजकारणी आहेत, पण दुष्ट नाहीत. वारा कोठून वाहतो ते पाहून शीड फिरवणारा हा माणूस आहे, आणि रुग्णालय मनातून काढून टाकताना त्याला थोडे वाईटही वाटते. पोरांना गावाचे भले व्हावे असेच वाटत असते. बातमी देणाऱ्यालाही आपण गावावर उपकार करीत आहोत असे वाटत असल्यास नवल नाही. साऱ्यांच्या लहान लहान सोयी एकत्र येतात आणि त्यांतून एक मोठे असत्य उभे राहते, ज्याची जबाबदारी कोणा एकावर टाकता येत नाही. हवेला धनी नसतो असे वर म्हटले, ते येथे दृश्यरूपाने दिसते.

चित्रपटाची वेळही ध्यानात घ्यावयास हवी. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत उमेदवारांची स्तुती पैसे घेऊन बातमी म्हणून छापली गेल्याचा प्रकार गाजला. पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिले, भारतीय वृत्तपत्र परिषदेने चौकशीसाठी उपसमिती नेमली, आणि 'पेड न्यूज' हा शब्द खेड्यापाड्यांतील वाचकांच्या तोंडी बसला. जाहिरात आणि बातमी यांच्यामधली जी चौकट वाचकाला दिसत असे, तीच पुसली गेली होती. जाहिरातीवर विश्वास ठेवायचा की नाही हे ठरवण्याची मुभा वाचकाला असते; बातमीच्या बाबतीत तो तशी सावधगिरी बाळगत नाही. 'देऊळ' त्यानंतर दोनच वर्षांनी आला. त्यातला वार्ताहर पाहताना प्रेक्षक हसत होते ते अनोळखी माणसाला नव्हे.

या व्यवसायाचे आद्य पुरुष म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते ते एडवर्ड बर्नेज, मनोविश्लेषक फ्रॉईड यांचे भाचे. १९२९ साली न्यूयॉर्कमध्ये ईस्टरच्या दिवशी निघणाऱ्या मिरवणुकीत त्यांनी काही तरुणींना सिगारेटी ओढत चालायला लावले, आणि त्या सिगारेटींना 'स्वातंत्र्याच्या मशाली' असे नाव दिले. वृत्तपत्रांनी ती स्त्रीमुक्तीची बातमी म्हणून छापली. पैसे तंबाखूच्या कंपनीचे होते. (आमच्या सिन्नरमध्ये पिढ्यान्‌पिढ्या बायका घरोघरी तंबाखू हाताळीत विड्या वळत आल्या. त्यांच्या हातातल्या पानाला मशाल म्हणण्याचे कोणाला सुचले नाही.) प्रभूच्या पुनरुत्थानाचा दिवस या कामी निवडला गेला हा योगायोग म्हणता येत नाही. गर्दी जेथे श्रद्धेने आधीच जमलेली असते तेथे हवा सोडणे सोपे जाते, ही बर्नेज यांची जाण आणि मंगरूळच्या पोरांची जाण एकच आहे.

बर्नेज यांनी १९२८ साली जे पुस्तक लिहिले त्याचे नाव 'प्रोपगंडा'. हा शब्द आपल्याच घरातून बाहेर गेलेला आहे, हे सेमिनरीत शिकलेल्या माणसाला विसरता येत नाही. पोप पंधरावे ग्रेगरी यांनी १६२२ साली श्रद्धेच्या प्रसारासाठी जे मंडळ स्थापन केले, त्याच्या लॅटिन नावात तो होता. प्रसार करणे यात वाईट असे काही नव्हते आणि नाही. आपल्याला जे सत्य वाटते ते इतरांना सांगावे ही माणसाची स्वाभाविक ओढ आहे. तरीही तो शब्द चारशे वर्षांत कोणकोणत्या हातांतून गेला आणि आज त्याचा काय अर्थ होऊन बसला आहे, हे पाहिले म्हणजे प्रसार आणि प्रसिद्धी यांतले अंतर किती निसरडे आहे ते कळते.

'देऊळ' पाहताना म्हणूनच मला लूर्डची बर्नादेत आठवत राहिली. तीही गरीब घरातली, अशिक्षित, चौदा वर्षांची मुलगी. ११ फेब्रुवारी १८५८ रोजी सरपण वेचायला गेली असता तिला दर्शन घडले. पुढची गोष्ट मात्र वेगळी आहे. लूर्डचे धर्मगुरू पेरामाल यांनी तिचे स्वागत केले नाही. तिला दटावले, उलटसुलट प्रश्न विचारले, आणि त्या स्त्रीला तिचे नाव विचारून ये असे बजावले. पोलिसांनी चौकशी केली. बिशप लॉरेन्स यांनी समिती नेमली आणि जवळजवळ चार वर्षांनी, १८६२ मध्ये, आपला निर्णय दिला. बर्नादेतने कोणाकडून पैसा घेतला नाही. १८६६ साली ती नेव्हेरच्या मठात गेली आणि लूर्डला पुन्हा परतली नाही. लूर्डमध्ये पुढे दुकाने उठली हे खरेच आहे, आणि त्या दुकानांकडे पाहून टीकाकारांनी जे म्हटले त्यातले पुष्कळसे आपण निमूटपणे ऐकून घ्यावे असेच आहे. पण त्या मुलीला प्रश्न विचारणारा एक कठोर माणूस गावात होता. मंगरूळात केश्याला प्रश्न कोणी विचारत नाही. त्याच्यावर विश्वास ठेवणाऱ्यांना त्याची गरज नसते आणि विश्वास न ठेवणाऱ्यांनाही नसते. दोघांनाही केश्या काय म्हणाला एवढेच पुरते, केश्याला काय झाले हे कोणाला नको असते. एकटे अण्णा त्याच्याशी माणूस म्हणून बोलतात. दिलीप प्रभावळकरांनी हे अण्णा इतक्या हळुवारपणे उभे केले आहेत की त्यांच्या तोंडचा नकारही मायेचा वाटतो.

शुभवर्तमानात कुष्ठरोग्याला बरे केल्यावर प्रभू येशू त्याला हे कोणाला सांगू नकोस असे बजावतो, आणि वाळवंटात सैतान त्याला मंदिराच्या शिखरावर नेऊन खाली उडी टाकायला सांगतो. त्या काळच्या भाषेत ती जनसंपर्काचीच सूचना होती : एक उडी, आणि सारे शहर तुझे. अण्णांचा सल्ला या परंपरेत बसतो. मे २०२४ मध्ये रोमहून अशा दर्शनांविषयी व चमत्कारांविषयी जे नवे नियम प्रसिद्ध झाले, त्यांतही पैसा, सत्ता आणि कीर्ती यांचा पाठलाग हे खोटेपणाचे लक्षण म्हणून गणले आहे. नियम उत्तम आहेत. पण आपल्या सणांच्या वेळी धर्मग्रामांच्या वेशीवर जे फ्लेक्स लागतात, त्यांवर संताच्या चित्रापेक्षा शुभेच्छुकांची छायाचित्रे मोठी असतात, धर्मगुरूंचे त्याहून मोठे, आणि रोगमुक्तीच्या प्रार्थनासभांच्या चित्रफिती भ्रमणध्वनीवरून ज्या वेगाने फिरतात त्या वेगाने कोणतीही समिती धावू शकत नाही. 'देऊळ' हा त्यांच्या धर्मातील बुवाबाजीवरचा चित्रपट आहे असे समजून आपल्यापैकी कोणी खुशीत हसला असेल, तर त्याने तो अर्धाच पाहिला.

सिन्नर हे नाशिकहून शिर्डीला जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. रामनवमीच्या सुमारास मुंबईकडून पायी निघालेल्या साईंच्या पालख्या येथून जातात. उन्हातान्हात अनवाणी चालणाऱ्या त्या माणसांची भक्ती खोटी आहे असे म्हणण्याचा अधिकार मला नाही, आणि तसे वाटतही नाही. मात्र त्यांच्यासाठी रस्त्याकडेला उभारलेल्या स्वागतकमानींवर पुढाऱ्यांचे चेहरे असतात. याच गावात गोंदेश्वराचे यादवकालीन देऊळ आहे. हेमाडपंती, पंचायतन पद्धतीचे, दगडी कोरीवकामाचा उत्कृष्ट नमुना. ते पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. पालख्यांच्या गर्दीतला फारसा कोणी तिकडे वळत नाही. त्याची हवा नाही, एवढेच. मंगरूळच्या देवळापेक्षा ते कितीतरी शतके जुने आणि कितीतरी पटींनी सुंदर आहे, आणि त्याच्या अंगणात अजून बोलणे ऐकू येईल इतकी शांतता आहे.

'देऊळ' निर्दोष आहे असे माझे मत नाही. उत्तरार्ध लांबतो. देवळाचा बाजार एकदा दाखवून झाल्यावर तो पुन्हा पुन्हा दाखवला जातो. अण्णांना लेखकाने जरा अधिकच स्वच्छ ठेवले आहे. त्यांचा एखादा हट्ट, एखादा अहंकार दिसता तर त्यांचे गाव सोडणे अधिक जड झाले असते. स्त्री सरपंचाच्या वाट्याला थट्टाच फार आली आहे. आणि ज्या ठेकेदार गाण्यांची टिंगल करायची, ती गाणी स्वतःच इतकी फक्कड जमली आहेत की प्रेक्षक टिंगल विसरून ठेका धरतो. नसीरुद्दीन शाह यांची छोटी भूमिका अर्थपूर्ण असली तरी, त्यांचा हा मराठीतला प्रवेश म्हणून चित्रपटाचीही काही कमी हवा झाली नाही. उपहासालाही तिकीट विकावेच लागते; त्याबद्दल कोणी त्याला फासावर देऊ नये.

कुलकर्णीद्वयांच्या 'वळू'मध्ये (२००८) हेच सूत्र हलक्या हाताने आले होते. गावात मोकाट सुटलेल्या वळूला पकडायला वनाधिकारी येतो आणि त्याचा भाऊ त्या मोहिमेचा माहितीपट करू लागतो. कॅमेरा समोर आला की गावातला प्रत्येक जण वेगळाच माणूस होतो. तेथे ते निरागस होते. तीन वर्षांनी मंगरूळात ते निरागस राहिले नाही.

आता थुकरटवाडीकडे वळू. 'चला हवा येऊ द्या' हा कार्यक्रम झी मराठीवर ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झाला आणि मार्च २०२४ पर्यंत, म्हणजे जवळजवळ दहा वर्षे, चालला. पुढे २०२५ मध्ये तो नव्या सूत्रधारासह परतला. निलेश साबळे, भाऊ कदम, कुशल बद्रिके, श्रेया बुगडे, सागर कारंडे, भारत गणेशपुरे ही मंडळी घराघरांत पोहोचली ती येथून. कार्यक्रमाची घडण अशी : नवा चित्रपट किंवा नाटक येऊ घातलेले असते, त्याचे कलावंत पाहुणे म्हणून थुकरटवाडीत येतात, गावकरी त्यांच्या कलाकृतीचे विडंबन करतात, पाहुणे पोट धरून हसतात, आणि जाताना प्रदर्शनाची तारीख सांगून जातात. नावातच हवा आहे, आणि ती लपवलेली नाही, हा त्याचा प्रांजळपणा मानावा लागेल.

भाऊ कदमांसारखा नट नुसता उभा राहिला तरी हसू येते. तशी देणगी शिकून मिळत नाही. पुरुषांनी लुगडे नेसून केलेला तोच तो विनोद दहा वर्षांत शिळा झाला, पण या नटांची तयारी शिळी झाली नाही. माझा आक्षेप नटांविषयी नाही, व्यवहाराविषयी आहे. आपल्या तमाशातला सोंगाड्या राजाची, प्रधानाची, कोतवालाची टिंगल करीत असे. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या १९६५ च्या लोकनाट्यात दादा कोंडके त्या दिवशीच्या राजकारणावर आयत्या वेळी कोट्या करीत. त्या हशाचे पैसे कोण देत होते? समोर बसलेला प्रेक्षक देत होता, तिकीट काढून. ज्याची टिंगल व्हायची तो पैसे देत नव्हता, म्हणून सोंगाड्याची जीभ मोकळी होती. थुकरटवाडीत ज्याची टिंगल व्हायची तोच प्रसिद्धीसाठी आलेला असतो. मग टिंगलीला आपोआप कुंपण पडते. विडंबन चालते, परीक्षण चालत नाही. चित्रपट वाईट आहे हे तेवढे एक वाक्य थुकरटवाडीत कोणी उच्चारू शकत नाही. चिमटा काढल्यासारखे करून पाठ थोपटायची, ही कला गावाने दहा वर्षांत परिपूर्ण केली, आणि त्या दहा वर्षांत मराठी घरांतील मुले विनोद म्हणजे हाच असे समजत वाढली. भाट आणि विदूषक या दोन भूमिका दरबारात वेगळ्या असत. येथे त्या एकाच अंगरख्यात शिरल्या.

तरीही त्याच कार्यक्रमात सागर कारंडे पोस्टमन होऊन येत आणि अरविंद जगताप यांनी लिहिलेले पत्र वाचून दाखवत. कधी कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याच्या घरचे, कधी म्हाताऱ्या आईबापांचे. हसणारे पाहुणे डोळे टिपू लागत. काहींना हा प्रकार भावनेचा भडिमार वाटे, आणि केव्हा केव्हा तो तसा होईही. पण ज्या कार्यक्रमात प्रत्येक जण काहीतरी विकायला आलेला असे, त्यात विकायला काहीच न आणलेला हा एकच माणूस होता, आणि बहुधा म्हणूनच त्याच्या थैलीतला कागद निघाला की सभागृह गप्प होई.

मंगरूळला परत येतो. आपल्या दर्शनाचे काय झाले हे पाहून व्यथित झालेला केश्या एके दिवशी देवळातली मूर्ती काढून नेतो आणि नदीत विसर्जित करतो. त्याच्या दृष्टीने हे देवाला सोडवणे आहे. गावात नवी मूर्ती येते, आणि व्यवहार पूर्ववत चालू राहतो. बाजाराला त्याच मूर्तीची गरज नव्हती. कोणतीही चालली असती. ज्या माणसापासून सारे सुरू झाले त्याचीही आता गरज उरलेली नसते.

आपल्या धर्मग्रामांतील युवक मंडळांनी हा चित्रपट एकत्र बसून पाहावा असे मला सुचवावेसे वाटते. तो सुमारे सव्वादोन तासांचा आहे, आणि नंतर चर्चेला अर्धा तास राखून ठेवावा. दर्शन खरे होते की नाही या वादात तो अर्धा तास घालवू नये, त्याचे उत्तर लेखकानेही दिलेले नाही. मंगरूळच्या ग्रामसभेत रुग्णालयाच्या बाजूने बोलायला किती माणसे उठली असती, आणि ती का उठली नाहीत, एवढेच विचारावे.